जमिनीतली ओल

आजोबांचे दोन एकर काळे रान होते. नगर जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या कोरड्या पट्ट्यात, जिथे मृग बहुतेक वेळा हुलकावणी देतो आणि सारी भिस्त हस्ताच्या पावसावर असते. विहीर नव्हती. पाटाचे पाणी आमच्या शिवारापर्यंत कधी आलेच नाही. हस्त बरसला की वाफसा बघून शाळू पेरायचा, आणि मग काढणी होईपर्यंत आभाळाकडून कसली अपेक्षा ठेवायची नाही. नाताळच्या सुटीत आम्ही गावी जायचो तेव्हा ज्वारी माझ्या डोक्याच्या वर गेलेली असायची. आठ-नऊ वर्षांचा असेन. आजोबांना विचारले, "पाऊस नाही, विहीर नाही, मग हे पितं काय?" आजोबा बोलले नाहीत. खाली बसले, दोन ओळींच्या मधे खुरप्याने हातभर खड्डा केला, माझे मनगट धरले आणि हात आत घातला. वरची माती राखेसारखी कोरडी होती. आत बोटांना गार लागले.

"हे पितं," ते म्हणाले.

या पुस्तकातले लेख ज्यांनी लिहिले, त्यांच्यात एक परिचारिका आहे, दोन शिक्षक आहेत, एक निवृत्त पाळक आहेत, उसाच्या ट्रकवर आयुष्य काढलेला एक ड्रायव्हर आहे. लेखनाची सवय फार थोड्यांना. प्रत्येकाच्या आयुष्यात असा एक काळ येऊन गेला, की प्रार्थनेला बसावे आणि शब्द छताला लागून खाली पडावेत. कुणाचे मूल गेले, कुणाची नोकरी, कुणाचे लग्न मोडले. एकीच्या बाबतीत तर काहीच घडले नव्हते. एका सकाळी उठल्यावर देव घरात नाही असे तिला वाटले आणि तो पुढे चार वर्षे आला नाही. आमच्या ख्रिस्ती मंडळ्यांत अशा माणसाबद्दल एक शब्द वापरतात: विश्वासात थंड पडला. हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आलो आणि पुढे तो माझ्याबद्दलही वापरला गेला. तेव्हापासून मला त्याची चीड आहे. शेतात उभ्या असलेल्या शाळूला थंड पडला असे कुणी म्हणत नाही.

विश्वासाच्या कठीण काळाला हिवाळा म्हणण्याची रीत आपल्याकडे मिशनऱ्यांच्या पुस्तकांतून आली असावी. अमेरिकन मिशनचे पहिले लोक १८१३ मध्ये मुंबईत उतरले आणि १८३१ मध्ये नगरला आले. त्यांचे घर न्यू इंग्लंडमध्ये. तिकडे चार-चार महिने जमीन दगडासारखी गोठते आणि पानगळीनंतर झाड जिवंत आहे की मेले हे कळत नाही. त्यांना दुःखासाठी हिवाळ्याची उपमा सुचली तर नवल नाही. आपल्याला मात्र हिवाळा म्हटले की हुरडा आठवतो, शेकोटी आठवते. आपला जीवघेणा काळ वैशाखाचा, आणि त्याहून मोठा म्हणजे दुष्काळाचा. १८७६ ते १८७८चा, मग १८९६-९७चा, मग लगेच १८९९-१९००चा. नगर-सोलापूरकडच्या पुष्कळ ख्रिस्ती घरांच्या आठवणी तिथूनच सुरू होतात, आणि त्यांत पोटासाठी धर्म बदलला हा टोमणाही आहे. त्या टोमण्याला उत्तर देत बसण्याचे हे ठिकाण नव्हे. एवढेच म्हणतो, की दुष्काळ संपला, धान्य आले, सुकाळातही ती माणसे देवळाच्या सतरंजीवर बसतच राहिली.

तरीही या पुस्तकात मी हिवाळा हा शब्द ठेवला, तो शाळूसाठी. पाऊस संपल्यावर वाढणारे पीक असते, हे आपल्या जमिनीने मला शिकवले.

पंडिता रमाबाईंच्या आयुष्यातला एक प्रसंग मी कित्येक वर्षे मनात बाळगून आहे. आई-वडील दुष्काळाच्या दिवसांत गेले, थोरली बहीणही गेली. सोळा-सतरा वर्षांची रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास पायी उत्तर हिंदुस्थान हिंडत होते. पायात जोडा नाही, अंगावर पुरेसे कपडे नाहीत. झेलम नदीच्या काठी थंडी असह्य झाली तेव्हा दोघांनी वाळूत थडग्यासारखे दोन खड्डे केले, आत आडवे झाले आणि डोके तेवढे बाहेर ठेवून अंगावर कोरडी वाळू ओढून घेतली. १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत रमाबाईंनी हे सांगितले आहे. त्या वेळी त्या ख्रिस्ती नव्हत्या. ज्या देवतांची पुराणे त्या गावोगाव सांगत होत्या, त्यांच्यावरचा विश्वासही डळमळू लागला होता. पुढे १८८० मध्ये श्रीनिवास गेला. १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी कॉलऱ्याने गेले, लग्नाला दोन वर्षे होण्याच्या आत. हाती तान्ही मनोरमा. वय तेवीस.

१८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. बहुतेक चरित्रे इथे सुस्कारा टाकतात, जणू आता वसंत आला. तसे झाले नाही. बाप्तिस्मा देणाऱ्या चर्चशीच त्यांचे वाद झाले. पटेना ते मान्य करायला त्या तयार नव्हत्या. आणि स्वतःबद्दल त्यांनी जे लिहून ठेवले ते मला सर्वांत मोलाचे वाटते. बाप्तिस्म्यानंतर जवळजवळ आठ वर्षांनी त्यांच्या ध्यानात आले, की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला आहे, पण ख्रिस्त अजून सापडलेला नाही. या आठ वर्षांत त्या अमेरिकेला जाऊन आल्या, पुस्तक लिहिले, मुंबईत शारदा सदन काढले, ते पुण्याला नेले. बाहेरून बघणाऱ्याला भरघोस पीक दिसत होते. आत काय चालले आहे ते त्यांना एकट्यांना ठाऊक होते, आणि ते मान्य करण्याचे धैर्यही त्यांच्यात होते. आमच्याकडे साक्ष देताना माणूस सहसा अंधारापासून सुरुवात करतो आणि बाप्तिस्म्यापाशी उजेडात येऊन थांबतो. बाप्तिस्म्यानंतरचा अंधार सांगणारी साक्ष मी क्वचित ऐकली. हे पुस्तक काढावेसे वाटले त्याचे एक कारण हेच.

१८९६-९७च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे ३०० मुली-बायका घेऊन आल्या. केडगावचे मुक्ती मिशन त्यातून उभे राहिले. उपाशी मुलगी बघून हिला किती खोल भूक लागली असेल हे त्यांना कुणी सांगायला लागत नव्हते. वाळूत पुरून घेतलेले शरीर विसरत नाही. आणि शेवटी, १९२१ मध्ये, ज्या मनोरमेच्या हाती हे सारे सोपवायचे ती गेली. रमाबाईंना तेव्हा नीट ऐकूही येत नव्हते. हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या मराठीत बायबल आणण्याचे त्यांचे काम त्याही परिस्थितीत चालू राहिले. पुढच्या वर्षी ५ एप्रिलला त्या गेल्या. लेक गेल्यावरच्या त्या आठ-नऊ महिन्यांत त्या टेबलाशी बसून एकेका शब्दाला सोपा मराठी शब्द शोधत असतील, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

लक्ष्मीबाई टिळकांचा हिवाळा निराळा. त्यांचा तर नवऱ्याच्या विश्वासाने आणलेला. १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांना उजाडले त्याच दिवशी लक्ष्मीबाईंच्या घरावर आभाळ कोसळले. पुढे काही वर्षे दोघे वेगळी राहिली. पुन्हा एकत्र आली तेव्हाही लक्ष्मीबाईंनी सोवळे सोडले नव्हते. मन हळूहळू वळले आणि १९०० साली राहुरीत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १९१९च्या मे महिन्यात टिळक गेले. त्यांचे 'ख्रिस्तायन' हे काव्य अपुरे राहिले होते. नवऱ्याकडून अक्षरे शिकलेल्या या बाईने ते पुरे केले. त्यांचे आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' सर्वांना माहीत आहे आणि ते असायलाच हवे. पण मागे राहिलेल्या बाईने दुसऱ्याच्या हातून अर्धवट सुटलेले ओवीबद्ध काम उचलून वर्षानुवर्षे चालवणे, याकडे आपण पुरेसे बघितलेले नाही. दुःखातून बाहेर पडल्यावर त्यांनी ते हाती घेतले असे मला वाटत नाही. ते करता करताच त्यांनी दुःख सोसले असावे.

आता माझे थोडे सांगतो, कारण ते न सांगता दुसऱ्यांच्या साक्षी छापणे बरे दिसणार नाही.

माझा धाकटा भाऊ एकतिसाव्या वर्षी गेला. अकरा दिवस रुग्णालयात होता. त्या अकरा दिवसांत मंडळीतल्या झाडून साऱ्यांनी प्रार्थना केली, दोन रात्री जागरण झाले, मी स्वतः जन्मात केली नव्हती अशी प्रार्थना केली. बाराव्या दिवशी आम्ही त्याला घेऊन घरी आलो. त्याआधी मी दर रविवारी शास्त्रवाचन करायचो. त्यानंतर मला बायबलचे पान उघडवेना. एका प्रवचनकाराने घरी येऊन सांगितले की विश्वास पुरा असता तर तो वाचला असता. दुसऱ्या कुणी म्हटले, देवाला चांगली माणसे लवकर हवी असतात. दोघांनाही वाईट हेतू नव्हता. पण दुःखी माणसाच्या घरात जाऊन देवाची वकिली करू नये. ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ मुकाट बसले होते तोवर त्यांचे काही चुकले नव्हते. तोंड उघडले आणि बिघडले.

आमच्या गल्लीत एक म्हातारी बाई राहायची. नात्याची नव्हती, सगळे तिला आत्या म्हणायचे. ती रोज संध्याकाळी यायची, फडक्यात बांधलेल्या दोन भाकरी आईच्या हाती द्यायची आणि माझ्या खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर बसायची. एकदा जाता जाता तिने प्रभूची प्रार्थना म्हणायला सुरुवात केली आणि माझ्याकडे बघितले. मी मान फिरवली. ती थांबली. मग म्हणाली, "तू नको म्हणू. तुझ्या वाटचं मी म्हणते." आणि तिने ती प्रार्थना दोनदा म्हटली. एकदा स्वतःची, एकदा माझी. हे दोन वर्षांच्या वर चालले. ती शाळेत गेली नव्हती. 'उपासना संगीत' हे गीतांचे पुस्तक तिच्या पिशवीत असायचे, पण ते वाचण्यासाठी नव्हे. गाणी तिला पाठच होती. टिळकांनी भजने अभंगाच्या वळणाने लिहिली, टाळ-मृदंगावर बसतील अशी लिहिली, म्हणून अक्षरओळख नसलेल्या बायकांच्याही तोंडात ती राहिली. भाकरी थापताना त्या गुणगुणत, पोरांच्या कानांवर पडत राही. माझ्या कानांवरही पडलेली होती. हस्ताच्या पावसासारखी, मला न विचारता, मला गरज नव्हती त्या दिवसांत.

आजोबांच्या रानात डिसेंबरच्या सुमारास एक काम असायचे, ते कोळपणीचे. काळी माती पाणी धरून ठेवते खरी, पण सुकताना तडकते. हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्या भेगांतून खालची ओल उडून जाते आणि मुळेही तुटतात. म्हणून शाळूत पेरणीनंतर तिसऱ्या, पाचव्या, आठव्या आठवड्याच्या आसपास कोळपे फिरवतात. शेवटचे दातेरी कोळपे भेगा बुजवायला. वरची दोन-तीन बोटे माती मोकळी होऊन पांघरुणासारखी पसरते आणि ओल खालीच राहते. आमच्याकडचे शेतकरी म्हणतात, कोळपणी म्हणजे अर्धे पाणी. कोळप्यातून पाण्याचा थेंबही येत नाही. असलेले पाणी जाऊ न देणे, एवढेच ते काम.

माझ्याकडून त्या दोन वर्षांत एवढेच झाले. रविवारी शेवटच्या बाकावर जाऊन बसलो, गायलो नाही. आत्या आली की दार लावून घेतले नाही. जेवलो. भावाच्या मुलीला शाळेत सोडायला गेलो. प्रभुभोजनाच्या रविवारी ताट पुढे आले तेव्हा काही महिने हात पुढे केला नाही, मग एकदा केला, काहीही न वाटता. हे विश्वासाचे काम आहे असे तेव्हा कुणी सांगितले असते तर मी रागावलो असतो. यातल्या कशानेही ओल वाढली नाही. होती ती उडाली नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. झोप उडते, अन्न जात नाही, जगू नये असे वाटते, आणि हे आठवड्यांमागून आठवडे चालते, तेव्हा तो केवळ आत्म्याचा हिवाळा नसतो. तो आजार असू शकतो आणि त्याला औषध आहे. या पुस्तकातल्या दोन लेखकांनी मानसोपचार घेतले आणि तसे त्यांनी नाव न लपवता लिहिले आहे. प्रार्थना करून बरे होईल म्हणून कुणाला डॉक्टरपासून अडवणे हे पाप आहे, असे मी विचारपूर्वक म्हणतो.

स्तोत्रसंहितेत बहुतेक विलापस्तोत्रांना शेवटी वळण मिळते. रडणारा माणूस स्तुतीपाशी येतो. ८८वे स्तोत्र तसे नाही. ते अंधारातच थांबते; मूळ हिब्रूत त्याचा शेवटचा शब्दच अंधार असा आहे. ज्यांनी ही स्तोत्रे जमवली त्यांना ते गाळता आले असते किंवा शेवटी दोन आशेच्या ओळी जोडता आल्या असत्या. त्यांनी तसे केले नाही, उपासनेत गाण्यासाठी ते जसेच्या तसे ठेवले. कारण उघड आहे. तो माणूस अंधारात आहे, पण बोलतो आहे तो देवाशीच. तक्रार देवाकडेच करतो आहे. मदर तेरेसांची खाजगी पत्रे २००७ साली प्रसिद्ध झाली तेव्हा अनेकांना धक्का बसला. कलकत्त्यातले काम सुरू झाल्यापासून जवळजवळ आयुष्यभर त्यांना देवाचे सान्निध्य जाणवले नव्हते. काहींनी त्यावरून त्यांना ढोंगी ठरवले. मला त्या पत्रांनी उलट धीर दिला. रोज पहाटे उठून त्या प्रार्थनेला बसत होत्या आणि मग रस्त्यावरच्या माणसाला उचलायला बाहेर पडत होत्या, पन्नास वर्षे, आतून उत्तर येत नसताना.

पवित्र शास्त्रात खराखुरा हिवाळा फार थोड्या ठिकाणी आहे, पण जिथे आहे तिथे अंगाला झोंबतो. योहान लिहितो की मंदिराच्या पुनःप्रतिष्ठेच्या सणाचे दिवस होते, हिवाळा होता आणि येशू शलमोनाच्या देवडीत फिरत होता. थंडी होती म्हणून चाकरांनी कोळशाचा विस्तव केला आणि तिथे शेकत उभे असताना पेत्राने आपल्या गुरूला नाकारले. जहाज फुटून भिजलेले पौल आणि त्याचे सोबती मिलिता बेटावर चढले तेव्हा अनोळखी लोकांनी पाऊस आणि गारठा बघून त्यांच्यासाठी शेकोटी पेटवली. आणि तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा शेवट. पौल कैदेत आहे. सुटकेची आशा नाही हे त्याला कळलेले आहे. जवळची माणसे पांगली आहेत, लूक तेवढा सोबत आहे. सगळे सांगून झाल्यावर तो तीमथ्याला एक निरोप देतो: त्रोवसात कार्पाच्या घरी राहिलेला माझा झगा येताना घेऊन ये, पुस्तके आण, चर्मपत्रे तर जरूर आण. आणि होईल तितके करून थंडी पडण्याच्या आत पोच.

ज्याने अर्ध्या जगात मंडळ्या उभ्या केल्या त्याला गारठा बाधतो आहे. देव ऊब देईल असे तो म्हणत नाही. झगा मागतो, तोही नवा नव्हे, स्वतःचा जुना, अंगाला ओळखीचा. वाचायला मागतो. आणि माणूस मागतो. विश्वास टिकवायला काय लागते असे मला कुणी विचारले तर मी हे तीन सांगतो. हे पुस्तक त्यातल्या मधल्या मागणीसाठी आहे. पहिली आणि तिसरी तुमच्या शेजाऱ्याच्या हाती आहे.

तीमथ्य वेळेत पोचला की नाही, हे कुठेही लिहिलेले नाही.

या लेखांचा क्रम आम्ही मुद्दाम सुखान्त ठेवलेला नाही. काही लेख अंधारातच संपतात, कारण लिहिणारा अजून तिथेच आहे. एका बाईने लेख पाठवताना सोबत चिठ्ठी दिली होती, की शेवटी प्रार्थना जोडायची असेल तर तुम्ही जोडा, माझ्याने होत नाही. आम्ही जोडली नाही. त्या लेखाखाली अर्धे पान कोरे सोडले आहे. ज्याला जमेल त्याने तिच्या वाटचे तिथे म्हणावे.

आत्या जाऊन आता नऊ वर्षे झाली. तिचे 'उपासना संगीत' माझ्याकडे आहे. कडा तेलकट झाल्या आहेत, शिवण सुटली आहे, आणि मधल्या काही पानांना पिठाचे बोट लागलेले दिसते. मागच्या पावसाळ्यात शेजारच्या घरात एक तरुण मुलगा गेला. त्याच्या वडिलांकडे मी संध्याकाळी जाऊन बसतो. ते काही बोलत नाहीत. परवा निघताना मी प्रभूची प्रार्थना दोनदा म्हटली.